‘सवय तर लागणार नाही ना?’ : नसांच्या दुखण्यावरील नव्या औषधांची पारख



साहित्याच्या व्यासपीठावर एका होमिओपॅथिक डॉक्टरने वेदनाशामक औषधांवर बोलावे, तेही ॲलोपॅथीच्या, याचे तुम्हांला आश्चर्य वाटेल. ही औषधे मी लिहून देत नाही. मला तो अधिकारही नाही. पण ती घेणारी माणसे माझ्याकडे येतात, पिशवीतून पाकिटे काढून टेबलावर ठेवतात आणि विचारतात, “डॉक्टर, याची सवय तर लागणार नाही ना?” हा प्रश्न निम्मा वैद्यकाचा आहे आणि निम्मा भाषेचा. म्हणून तो तुमच्यापुढे मांडण्याचे धाडस करतो. त्याचे उत्तर मी एकदा चुकीचे दिले होते. आधी ती हकीकत सांगतो.

मला प्राथमिक शाळेत मराठी शिकवणाऱ्या बाई आज ८५ वर्षांच्या आहेत. काही वर्षांपूर्वी त्यांना छातीच्या डाव्या बाजूला नागीण झाली. फोड गेले, दुखणे राहिले. “पदराचा काठ लागला तरी निखारा ठेवल्यासारखं होतं रे,” असे त्या सांगत. माझ्या औषधाने त्यांना उतार पडला नाही, तेव्हा मीच त्यांना मेंदू व मज्जासंस्थेच्या तज्ज्ञांकडे पाठवले. त्यांनी प्रेगाबालिन लिहून दिले. चिठ्ठी घेऊन बाई परत माझ्याकडे आल्या. “तू सांग. याची सवय तर लागणार नाही ना? या वयात मला व्यसन नको हं.” मी हसून म्हणालो, “छे हो बाई, ही काही अफूची गोळी नाही. निर्धास्त घ्या.”

औषध लागू पडले. बाईंची झोप परत आली. सात-आठ महिन्यांनी मात्र महिन्याच्या कॅप्सूल २० दिवसांत संपू लागल्या. बाईंना वाटले, आपल्यालाच विसरायला होते आहे, आपण दोनदा घेत असू. खरे कारण घरातच होते. कॉलेजात जाणारा नातू एका वेळी चार-पाच कॅप्सूल घेत होता, मित्रांनाही देत होता. हे उघडकीला आले त्या दिवशी घरच्यांनी घाबरून सगळी पाकिटे फेकून दिली. त्यामुळे बाईंचे औषधही एका रात्रीत बंद झाले. पुढचे चार दिवस त्यांना झोप नाही, अंगाला दरदरून घाम, मळमळ, जिवाची तगमग, आणि नागिणीची आग पुन्हा पूर्वीइतकीच. मी घरी गेलो तेव्हा त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. म्हणाल्या, “मला व्यसन लागलं रे. शेवटी लागलंच.”

माझ्या एका ‘छे हो’मुळे दोन माणसांचे नुकसान झाले. आजीच्या डॉक्टरांनीच निर्धास्त घ्या म्हटल्यामुळे नातवाला ते औषध निरुपद्रवी वाटले आणि घरात कोणी कपाटाला कुलूप लावले नाही. हे औषध थांबवायचे झाल्यास हळूहळू कमी करावे लागते, हेही मी बाईंना सांगितले नव्हते. जैन दर्शनात हिंसेच्या मुळाशी प्रमाद, म्हणजे बेसावधपणा, मानला आहे. तो अर्थ मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. त्या दिवशी तो मला माझ्या बाबतीत कळला.

आता भाषेकडे येतो. मराठीत ‘सवय लागणे’ या एका शब्दप्रयोगात आपण निदान तीन वेगळ्या गोष्टी कोंबतो. पहिली, त्याच मात्रेचा गुण हळूहळू कमी होणे आणि जास्त मात्रा लागणे. दुसरी, शरीर त्या औषधाला इतके सरावणे की ते अचानक बंद केले तर त्रास होतो. याला शारीरिक अवलंबित्व म्हणतात. रक्तदाबाच्या काही गोळ्या किंवा स्टिरॉइडे एकदम बंद केली तरी त्रास होतो. त्यांना कोणी व्यसन म्हणत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे खरे व्यसन : नुकसान दिसत असूनही ओढ लागणे, मिळवण्यासाठी धडपडणे, ताबा सुटणे. बाईंना दुसरी गोष्ट झाली होती आणि त्या तिला तिसरी समजत होत्या. ‘व्यसन’ हा शब्द आपल्याकडे पापाच्या पंगतीला बसलेला आहे. आमच्या सप्तव्यसनांत तो जुगार, मद्य आणि चोरी यांच्याबरोबर येतो. त्या शब्दाची शरम एका निष्पाप वृद्ध स्त्रीच्या डोक्यावर बसली, कारण नेमका शब्द तिला कोणी दिला नव्हता.

याशिवाय चौथा शब्द आहे : दुरुपयोग. आजारासाठी नव्हे, तर मनाला येणाऱ्या तरतरीसाठी, धुंदीसाठी औषध घेणे. नातू करत होता तो हा प्रकार. एखाद्या औषधाचा असा दुरुपयोग होण्याचा संभव किती आहे, हे ते बाजारात येण्यापूर्वी तपासण्याचे एक स्वतंत्र शास्त्र आहे. माझे आजचे बोलणे मुख्यतः त्याविषयी आहे.

नसांचे दुखणे म्हणजे काय, हे दोन वाक्यांत सांगतो. पाय मुरगळला की दुखतो, कारण पायाला इजा झालेली असते आणि नस तिची वर्दी मेंदूला देते. नसांच्या दुखण्यात वर्दी देणारी तारच बिघडलेली असते. इजा नसताना ती ओरडत राहते. मधुमेहात तळपायांची होणारी आग, नागिणीनंतरचा ठणका, मणक्यात नस दबल्याने पायात जाणारी सणक, हे सगळे त्यातले. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांना हे दुखणे फारसे दाद देत नाही. त्यामुळे रोगी वर्षानुवर्षे औषधे घेतो, आणि म्हणून त्या औषधांची पारख अधिक काळजीने व्हायला हवी.

‘याची सवय लागत नाही’ हे आश्वासन वैद्यकाच्या इतिहासात फार वेळा दिले गेले आहे. १८९८ साली जर्मनीच्या बायर कंपनीने हेरॉइन बाजारात आणले ते खोकल्याचे औषध म्हणून, आणि मॉर्फिनपेक्षा सुरक्षित म्हणून त्याचा गाजावाजा झाला. १९८० साली अमेरिकेतील एका प्रतिष्ठित वैद्यकीय साप्ताहिकात पाच वाक्यांचे एक पत्र छापून आले. इस्पितळात अफूवर्गीय औषध दिलेल्या ११,८८२ रुग्णांपैकी, पूर्वी व्यसन नसलेल्या अवघ्या चौघांना व्यसन लागल्याची नोंद मिळाली, असे त्यात म्हटले होते. ते पत्र इस्पितळात दाखल असलेल्या, डॉक्टरांच्या नजरेखालच्या रोग्यांविषयी होते. पण लोकांनी ते घरी महिनोन् महिने गोळ्या घेणाऱ्यांनाही लावले. २०१७ साली त्याच साप्ताहिकात मोजदाद झाली. त्या पत्राचा ६०८ ठिकाणी उल्लेख झाला होता, आणि त्यांपैकी सुमारे ७२ टक्के ठिकाणी ‘व्यसन क्वचितच लागते’ याचा पुरावा म्हणून. मधल्या काळात, १९९६ साली, ऑक्सिकॉन्टिन आले. औषध शरीरात सावकाश भिनते म्हणून त्याचा दुरुपयोग कमी होईल असे मानले जाते, अशा अर्थाचे विधान त्याच्या माहितीपत्रकातच होते. लोकांनी गोळी चुरडली आणि सावकाशपणा संपला. व्यसनाच्या धोक्याविषयी दिशाभूल केल्याचा गुन्हा पर्ड्यू कंपनीने २००७ साली कबूल केला, तोवर फार माणसे गेली होती.

या अनुभवातून आजची तपासणी घडली आहे. पहिला प्रश्न असतो : औषध मेंदूत पोचते का, आणि तिथे कोणत्या कुलपात बसते? अफू, भांग, झोपेच्या गोळ्या यांची कुलपे शास्त्राला ठाऊक आहेत. दुसरी पायरी प्राण्यांची. उंदराला एक दांडी दाबल्यावर औषधाची मात्रा मिळते. तो ती किती वेळा दाबतो, आणि दर वेळी जास्त मेहनत करायला लावली तरी दाबत राहतो का, हे पाहतात. एखाद्या अहिंसावाद्याला हे वाचताना त्रास होतो, मलाही झाला. पण ते घडते हे लपवण्यात अर्थ नाही.

तिसरी पायरी माणसांची, आणि साहित्याच्या मंडळींना ती सर्वांत विलक्षण वाटेल. या चाचणीत रोगी घेत नाहीत. मौजेसाठी अशा पदार्थांचा अनुभव घेतलेले, पण त्यांच्या आहारी न गेलेले लोक घेतात. ज्यांना नशेची चव माहीत आहे, तेच ती ओळखू शकणार. खरे औषध आणि निव्वळ खोटी गोळी यांतला फरक त्यांना कळतो का, हे आधी तपासतात. मग प्रत्येकाला वेगवेगळ्या दिवशी, मध्ये काही दिवस सोडून, नवे औषध, खोटी गोळी आणि दुरुपयोगासाठी माहीत असलेले एखादे जुने औषध देतात. कोणत्या दिवशी काय दिले हे त्यालाही ठाऊक नसते आणि देणाऱ्यालाही नसते. नव्या औषधाची मात्रा उपचाराच्या मात्रेपेक्षा बरीच वाढवूनही देतात, कारण दुरुपयोग करणारा चिठ्ठीतली मात्रा पाळत नसतो. आणि मग विचारतात : या क्षणी हे औषध तुला किती आवडते आहे? शून्यापासून शंभरापर्यंतच्या रेषेवर खूण करायची. पन्नास म्हणजे ना आवड ना नावड. शेवटी विचारतात : पुन्हा घेशील का?

इतके सगळे शास्त्र शेवटी माणसाच्या ‘आवडले’ या एका शब्दावर येऊन ठेपते. होमिओपॅथ म्हणून मला ही पद्धत ओळखीची वाटली. हानेमान यांनी १७९० साली सिंकोनाची साल स्वतः घेऊन अंगात काय होते ते टिपले, आणि निरोगी माणसांच्या अशा टिपणांवर आमचे शास्त्र उभे राहिले. पण खरेपणाने पुढचेही सांगितले पाहिजे. १८३५ साली न्यूरेम्बर्ग शहरात आमच्या पद्धतीची एक परीक्षा झाली. पन्नासहून अधिक नागरिकांना क्रमांक घातलेल्या कुप्या दिल्या. काहींत होमिओपॅथीच्या रीतीने पातळ केलेले मीठ होते, तर काहींत बर्फ वितळवून केलेले नुसते पाणी. कोणत्या कुपीत काय आहे, ती यादी मोहोरबंद ठेवली होती. बहुतेकांना काहीच जाणवले नाही. ज्या थोड्यांना काही जाणवले, त्यांत नुसते पाणी प्यालेलेही होते. आमच्या पंथाला अडचणीची अशी ही हकीकत आहे, पण तिच्यातला धडा मी मानतो. ‘मला असे वाटले’ याला किंमत आहे, मात्र शेजारी खोटी गोळी ठेवून, डोळ्यांवर पट्टी बांधून विचारले तरच.

आता बाईंच्या औषधाकडे परत येऊ. प्रेगाबालिनची अशी चाचणी झाली होती. झोपेच्या गोळ्या व दारू यांची मौज घेतलेल्या १५ जणांना ४५० मिलिग्रॅमची एक मात्रा दिली, तेव्हा त्यांनी तिला ३० मिलिग्रॅम डायझेपामच्या जवळपास आवडीचे गुण दिले. साडेपाच हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचण्यांत प्रेगाबालिन घेणाऱ्या शंभरांतील चौघांनी, तर खोटी गोळी घेणाऱ्या शंभरांतील एकाने, मनाला आनंदाचे भरते आल्याची नोंद केली. हे काही गुपित नव्हते. अमेरिकेत ते औषधाच्या माहितीपत्रकातच छापलेले आहे. म्हणूनच तिथे २००५ साली हे औषध नियंत्रित यादीच्या पाचव्या, म्हणजे सर्वांत सौम्य, गटात घातले गेले. मी ‘छे हो’ म्हणालो तेव्हा ही माहिती छापून कित्येक वर्षे झाली होती. मी ती वाचलेली नव्हती.

याचा थोरला भाऊ गॅबापेन्टिन. दोघेही नसेच्या टोकाशी असलेल्या कॅल्शियमच्या दाराच्या एकाच भागाला चिकटतात. पण गॅबापेन्टिन आतड्यातून आत घेणारी यंत्रणा लवकर भरते. मात्रा वाढवत नेली तर रक्तात जाणारा वाटा कमी होत जातो : दिवसाला ९०० मिलिग्रॅम घेतले तर सुमारे ६० टक्के आणि ४,८०० घेतले तर सुमारे २७ टक्के. प्रेगाबालिनला असा अडसर नाही. ते ९० टक्के किंवा अधिक आत जाते आणि मात्रा वाढेल तसे रक्तात वाढत जाते. रोग्याला हा गुण उपयोगी पडतो, कारण परिणामाचा अंदाज बांधता येतो. नेमका तोच गुण नातवाच्या कामी आला. औषधाचा गुण आणि धोका कित्येकदा एकाच पाकिटात असतात, ते असे.

बाजारात आल्यावर तर खरी परीक्षा सुरू होते. १५ जणांच्या चाचणीत जे दिसले, ते लाखो लोकांत कसे दिसेल हे काळच सांगतो. ब्रिटनमध्ये २०१९च्या एप्रिलपासून प्रेगाबालिन आणि गॅबापेन्टिन दोन्ही नियंत्रित झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने इशारा दिला की अफूवर्गीय किंवा गुंगीच्या इतर औषधांबरोबर ही घेतल्यास श्वास मंदावू शकतो, विशेषतः म्हाताऱ्या माणसांत आणि फुप्फुसाचा विकार असलेल्यांत. आपल्या देशात पंजाबच्या काही जिल्ह्यांत प्रशासनाने प्रेगाबालिनच्या विक्रीवर निर्बंध घातले. ट्रॅमाडॉलचे उदाहरणही जवळचे आहे. ते सौम्य म्हणून वर्षानुवर्षे विकले गेले आणि २०१८ साली अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणावे लागले.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट घडते. प्रेगाबालिन कित्येकदा मिथाइलकोबालामिन या जीवनसत्त्वाबरोबर एकाच कॅप्सूलमध्ये येते. घरात तिचे नाव पडते ‘नसांची ताकदीची गोळी’. ताकदीच्या गोळीला कोण कुलूप लावणार? आणि शेजारणीने तळपायाची आग होते म्हटल्यावर तिलाही आपल्यातल्या दोन देण्यात कोणाला गैर वाटणार?

तुम्ही म्हणाल, मग सगळे कडक बंद करून टाकावे. तेही खरे उत्तर नाही. १९८५च्या अमली पदार्थांच्या कायद्यानंतर आपल्या देशात कर्करोगाच्या रोग्यांनाही मॉर्फिन मिळणे दुरापास्त झाले. भीतीपोटी औषध दुकानांनी आणि इस्पितळांनी ते ठेवणेच सोडले. २०१४ साली कायदा दुरुस्त करावा लागला. बाईंच्या घरी पाकिटे फेकून दिली गेली, तेही अशाच भीतीपोटी. एका बाजूला बेसावधपणा, दुसऱ्या बाजूला भीती. दोन्हींत दुखणे सोसतो तो रोगीच.

नव्या औषधांकडे आशेने पाहायला जागा आहे. ३० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेत सुझेट्रिजिन नावाच्या औषधाला मान्यता मिळाली. वेदनेची वर्दी वाहणाऱ्या, मेंदूबाहेरच्या नसांत सोडियमचे एक विशिष्ट दार असते. हे औषध ते बंद करते. ते अफूच्या कुलपात बसत नाही. मेंदूला सुखावणारा रस्ताच घेत नसल्याने दुरुपयोगाचा संभव कमी, हा त्यामागचा तर्क आहे, आणि तो सबळ आहे. ते नियंत्रित यादीतही नाही. पण बातमी नीट वाचा. मान्यता मिळाली ती अंगठ्याच्या हाडाच्या व पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या चाचण्यांवर, प्रौढांतील तात्पुरत्या वेदनेसाठी. त्या चाचण्यांत ते खोट्या गोळीपेक्षा सरस ठरले, पण हायड्रोकोडोन व पॅरासिटामॉल यांच्या जोडगोळीपेक्षा सरस ठरले नाही. मणक्यात नस दबल्याच्या दुखण्यावर दुसऱ्या टप्प्यातील चाचणीत औषध घेणाऱ्यांची आणि खोटी गोळी घेणाऱ्यांची वेदना जवळजवळ सारखीच उतरली. म्हणजे नसांच्या जुनाट दुखण्याचे उत्तर सापडले, असे म्हणण्याची वेळ आलेली नाही. आणि महिनोन् महिने घेतल्यावर काय, हा प्रश्न दोन आठवड्यांच्या अनुभवावरून सुटत नाही.

म्हणून ‘सवय लागत नाही ना?’ असे विचारण्याऐवजी तुम्ही आपल्या डॉक्टरांना चार प्रश्न विचारा. ते विचारण्याचा तुम्हांला हक्क आहे. हे औषध मनावर काय परिणाम करते? इतर कोणत्या गोळ्यांबरोबर, किंवा दारूबरोबर, ते घेऊ नये? किती दिवस घ्यायचे? आणि थांबवायचे झाल्यास कसे कमी करायचे? प्रेगाबालिन थांबवायचे तर निदान एक आठवडा लावून उतरवावे असे माहितीपत्रक सांगते. बरीच वर्षे घेणाऱ्याला डॉक्टर याहून अधिक वेळ लावतात. घरात कॅप्सूल मोजून ठेवा, कुलपात ठेवा, दुसऱ्याला देऊ नका. घरातल्या तरुणाशी बोलायचे असेल तर ‘व्यसनी’ या शब्दापासून सुरुवात करू नका. तो शब्द ऐकला की माणूस दार लावून घेतो.

बाईंचे औषध तज्ज्ञांनी पुन्हा सुरू केले आणि नागिणीची आग शमल्यावर दोन महिने लावून सावकाश उतरवले. नातू मानसोपचारतज्ज्ञांकडे जातो. मधूनच चुकतो, पुन्हा जातो. त्याची आई मला अजून पूर्वीसारखी बोलत नाही, आणि त्यात तिचे काही चुकले असे मला वाटत नाही.

परवा बाईंना या व्याख्यानाविषयी सांगायला गेलो आणि त्यांची हकीकत नाव न घेता सांगू का, असे विचारले. त्या म्हणाल्या, “सांग. पण त्या दिवशी तू ‘वाचून सांगतो’ म्हणाला असतास तर चाललं असतं, तेही सांग.” मी ‘हो’ म्हणालो होतो, म्हणून ते सांगितले. आता रोग्याने पाकीट टेबलावर ठेवले की मी आधी त्यातला बारीक अक्षरांचा कागद उलगडतो. चष्मा लावून, त्याच्यासमोर बसून वाचतो.